वादातली मेंढी

कडुबा तात्यांवर मी सहा वर्षं जळले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढं मी त्यांच्याबद्दल जे चांगलं लिहिणार आहे ते वाचून कुणी मला मोठ्या मनाची समजायचं. लोक साहेबाच्या खुर्चीवर जळतात, शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात. मी रेकॉर्ड रूममधल्या एका दहावी नापास माणसावर जळायचे, आणि तेही असं की दुपारचा डबा गोड लागायचा नाही.

आमचा कारखाना चिकलठाण्याला, जालना रोडवरून आत वळलं की तिसऱ्या गल्लीत. तिथं ट्रॅक्टरचे ब्रेक बनतात. मी लागले ती रेकॉर्ड विभागाची मॅनेजर म्हणून. काम ऐकायला किरकोळ वाटतं. कंपनीचा कुठला कागद, कुठला ई-मेल किती वर्षं ठेवायचा आणि कधी नष्ट करायचा हे ठरवायचं. आणि उद्या कुणी कोर्टात खेचलं, तर त्या प्रकरणाचं एकूण एक टिपण शोधून वकिलाच्या हाती द्यायचं. पण ह्याचा मी पुण्यात राहून रीतसर कोर्स केला होता, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून खुर्चीमागं लावलं होतं. कडुबा पांढरे माझ्या हाताखाली होते, निदान कागदोपत्री तरी. प्रत्यक्षात आख्खा कारखाना त्यांना विचारून पाणी प्यायचा.

रेकॉर्ड रूम कँटीनच्या मागं होती. तात्या चपला बाहेर काढून आत जायचे आणि येणाऱ्यालाही काढायला लावायचे, मग तो एमडी का असेना. थुंकी लावून पान उलटणाऱ्याच्या हातून ते फाईल काढून घ्यायचे आणि ओला स्पंज पुढं करायचे. फाईल मागायला गेलं की पहिला प्रश्न, "कशाला पायजे?" कारण सांगितलं की लगेच, "मग ही नाय, तुम्हाला ती पायजे." आणि खरोखर ती दुसरीच हवी असायची. शहराचं नाव बदललं तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की जुन्या फायलींवरही नवं नाव चिकटवावं. मी उत्साहानं लेबलं छापून आणली. तात्या म्हणाले, "नव्या फायलीवर नवं नाव, बिलाशक. पण जुना कागद ज्या दिवशीचा, नाव त्या दिवशीचं. कोर्टानं इचारलं ह्यो कागद कवाचा, तर काय सांगू?" ती लेबलं माझ्या कपाटात पडून राहिली.

मला त्यांना हरवायचं होतं. वर्षभरात मी महत्त्वाच्या सगळ्या फायली स्कॅन करून संगणकात घातल्या, आणि एक दिवस संधी चालून आली. एमडींना पाहुण्यांसमोर एका जुन्या ड्रॉइंगची मंजुरी हवी होती. मी चार अक्षरं दाबली आणि कागद पडद्यावर. तात्या तेव्हा अजून शिडीवरच होते. मी जिंकले होते! तर हा माणूस शिडीवरून उतरला, हात पुसले आणि भर मीटिंगमध्ये येऊन म्हणाला, "ताईंनी लईच लवकर काढलं. मला अजून पाव घंटा लागला असता." सगळे हसले, एमडींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. हरल्यावरही ज्याचं कौतुक होतं, त्याच्याशी स्पर्धा करायची तरी कशी?

मग मी एक हलकट गोष्ट केली. त्यांच्या कपाटातली एक फाईल उचलून दुसऱ्या रांगेत, भलत्याच वर्षात खुपसली, आणि दुसऱ्या दिवशी साळसूदपणे तीच मागितली. तात्या दोन दिवस शोधत होते. जेवायला गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी फाईल माझ्या टेबलावर होती. त्यांच्याकडं एक लांबट वही होती, तिच्यात ते स्वतःच्या चुका लिहायचे. त्यात त्यांनी लिहिलं होतं, 'फाईल जागा चुकली. माझ्या हातून.' ती वही त्यांनी मला दाखवलीसुद्धा, वरिष्ठ म्हणून. मी खाली सही केली.

कागद नष्ट करण्याचा दिवस वर्षातून एकदा यायचा. माझ्या पद्धतीत ते सोपं होतं. तक्त्यातली मुदत संपली की यंत्रात घाला, काप काप कापून मोकळे. तात्यांची रीत वेगळी. ते आठ दिवस आधी यादी कँटीनच्या फळ्यावर लावायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत स्वतः उभं राहून ती वाचून दाखवायचे. शेवटी विचारायचे, "कुणाचा वाद हाय का?" वेल्डिंगचा एखादा जण घास हातात धरून उठायचा, "तात्या, माझ्या बोटाचं रजिस्टर हाय त्यात. केस चालू हाय." की ती फाईल बाजूला. तिला ते काळ्या लोकरीचा दोरा बांधायचे. दोरा आहे तोवर मुदत संपो नाहीतर काही होवो, फाईल जागची हलायची नाही. आणि जिचा वाद नाही ती फाईल त्याच दुपारी यंत्रात, एक दिवस जास्त नाही. "कागदानं आपल्या मुदतीनं मरावं," म्हणायचे. "उगं सांभाळलेला कागद बी वाईट. नको तवा उठून बोलतो."

एका मीटिंगमध्ये मी त्या दोऱ्यावरून बोलले. "आपण कंपनी चालवतोय की मेंढ्या राखतोय?" बोलून गेल्यावर लक्षात आलं की कुणीच हसत नाही. तात्यांचे वडील मेंढपाळ होते हे सगळ्यांना माहीत होतं. मला तर इतरांपेक्षा जास्त, कारण गंगापूरकडच्या आमच्या वावरात खतासाठी त्यांच्याच मेंढ्या बसायच्या. आजोबांच्या तोंडून मी ते लहानपणापासून ऐकलं होतं. तात्या रागावले नाहीत. सगळे उठून गेल्यावर मला म्हणाले, "बरोबर वळखलं ताई तुम्ही. मेंढ्यांचंच हाय ते."

मग त्यांनी सांगितलं. दोन कळप एकमेकांत मिसळले आणि एखाद्या मेंढीवरून भांडण लागलं, की त्यांच्याकडं तिच्या गळ्यात काळा दोरा बांधत. पंच बसून निकाल देईपर्यंत तिची लोकर कातरायची नाही, तिला विकायचं नाही, कापायचं नाही. "वादातलं जनावर बाजारात नाय," तात्या म्हणाले. "अन् चारा दोघांनी घालायचा. आपली निघंल का त्याची, ते मागून. आधी ती जगली पायजे."

कोर्सात मी ह्याच विषयावर एक जाडजूड धडा पाठ केला होता. दाव्याची नोटीस आली, किंवा येईल असं दिसलं, की त्या विषयातलं काहीही नष्ट करायचं नाही, आपल्या बाजूचं असो की विरुद्ध. परीक्षेत मला त्यात चांगले मार्क होते. पण विरुद्ध बाजूचाही चारा आपणच घालायचा, हे मला तोवर कधी मनापासून पटलं नव्हतं. ह्या माणसाला ते वडिलांनी मेंढ्यांमागं चालता चालता सांगून टाकलं होतं. घरी पोचेपर्यंत माझं डोकं ठणकत होतं.

आणि मग खरोखरच नोटीस आली. आमचं एक मोठं गिऱ्हाईक, ट्रॅक्टर बनवणारी कंपनी. त्यांचं म्हणणं होतं की जवळजवळ तीन वर्षांपूर्वीच्या एका खेपेतले ब्रेक मऊ निघाले, आणि आम्ही ते जाणूनबुजून पाठवले. दावा इथल्याच कोर्टात लागला. आमच्या वकील काझी मॅडम. त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं, "देखो, ह्या कोर्टात आपल्या विरुद्ध जाणारा कागदही आपणच पुढं ठेवायचा असतो. मेलसुद्धा. एक भी गायब हुआ, तर जजसाहेब समजतील मुद्दाम उडवला." एवढं सांगून त्या उठल्या आणि चहा प्यायला कुठं गेल्या? रेकॉर्ड रूममध्ये. चपला काढून.

पण हा माझा दिवस होता. आमच्या संगणकात मीच एक नियम बसवला होता. तीन वर्षांपेक्षा जुने मेल दर महिन्याच्या एक तारखेला आपोआप पुसले जायचे. आता त्या खेपेशी ज्यांचा संबंध होता त्यांच्या नावांची यादी करायची, आणि त्यांचे मेल ह्या नियमातून वगळायचे. तात्या माझ्या टेबलाशी आले. "ताई, यादी एकदा दाखवा की. कुणाकुणाचा हात लागलाय त्या खेपेला, ते मी सांगतो."

मी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "एचआरकडून घेतलीय. पूर्ण आहे."

"बरं," म्हणाले आणि गेले. यादी मी का दाखवली नाही? कारण त्यांनी तिच्यात चूक काढली असती, आणि ती चूक खरी निघाली असती.

चूक होतीच. पाळीवर माल तपासणारे पाच जण होते आणि पाचांत मिळून एकच मेलचं खातं होतं. ते कुणा माणसाच्या नावावर नव्हतं, नुसतं 'तपासणी'. एचआरच्या यादीत माणसं असतात, खाती नसतात. एक तारीख आली आणि त्या खात्यातले त्या खेपेचे सगळे मेल पुसले गेले. मला हे कळलं चार महिन्यांनी, काझी मॅडमनी सहज विचारलं तेव्हा, "तपासणीवाल्यांचे मेल कुठायत?" आमचा बॅकअप तीनच महिने मागं जायचा. मी ते खातं पुन्हा पुन्हा उघडत होते, आणि ते दर वेळी रिकामंच दिसत होतं.

नोटीस हातात असताना माझ्याच नियमानं पुरावा पुसला होता. नोकरी जाणार हे उघड होतं. पण देवाशपथ सांगते, नोकरीपेक्षा मला हेच जास्त लागत होतं की आता तात्यांना कळणार.

त्यांना कळायला तासही लागला नाही. ते एक फाईल घेऊन आले. तिला काळा दोरा होता. "पाळीवाले मेल छापून ठेवायचे, ताई. पुढच्या पाळीची सही कागदावरच लागायची ना. गिऱ्हाइकाचं पयलं तक्रारीचं पत्र आलं, तवाच मी दोरा बांधला व्हता." म्हणजे नोटिशीच्या कितीतरी आधी. मी फाईल उघडली. त्यात तपासणीवाल्याचा मेल होता. ह्या खेपेचा माल मऊ लागतोय, थांबवावा. खाली प्रॉडक्शनच्या बोरसे साहेबांचं एका शब्दाचं उत्तर होतं. 'पाठवा.'

मला वाचवायला आलेल्या माणसाचा मला संताप आला. "ठेवा, उद्या बघते," एवढंच म्हटलं. ते फाईल परत घेऊन गेले.

बोरसेंना फाईलची कुणकुण लागली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं. आवाज मऊ. "मेल गेले ते एका अर्थी बरंच झालं म्हणायचं. त्या छापील फाईलची मुदतही संपलीय ना, तुमच्याच तक्त्याप्रमाणे? मग चिठ्ठी करा की. नियमानंच जाईल. कुणाला काय कळतंय?"

फाईल नष्ट करायची तर माझ्या सहीची चिठ्ठी लागायची. मी टेबलावर बसून ती लिहिली. फाईल गेली की माझी चूक किती मोठी ते कुणाला दिसणार नव्हतं, आणि तात्यांचं बरोबर असणंही त्याच यंत्रात जाणार होतं. खोटं कशाला बोलू, ह्या दोन्हींतलं दुसरं मला जास्त गोड वाटलं. मी सही केली आणि चिठ्ठी घेऊन स्वतः रेकॉर्ड रूममध्ये गेले. चपला काढायचं माझ्या ध्यानात राहिलं नाही, आणि त्या दिवशी तात्या त्यावर काही बोलले नाहीत.

त्यांनी चिठ्ठी उभ्यानंच वाचली. मग स्टुलावर बसले आणि पुन्हा वाचली.

"सही तुमचीच हाय?"

"हो. मुदत संपलीय."

"मुदत संपली, व्हय. वाद संपला का?"

बाहेर कँटीनमध्ये ताटांचा आवाज चालला होता.

"ताई, ह्यी चिठ्ठी मला ऐकता येत नाय," ते म्हणाले. "अन् फाडता बी येत नाय. सही झालेला कागद हाय." त्यांनी चिठ्ठी माझ्याकडं सरकवली आणि खिशातलं पेन काढून वर ठेवलं. "खाली तुमच्याच हातानं लिव्हा, रद्द. अन् कशापायी ते बी लिव्हा."

"काय लिहू?"

"झालं ते."

मी लिहिलं, 'रद्द. प्रकरण कोर्टात असताना चुकून काढलेली चिठ्ठी.' त्यांनी ते चष्मा सारखा करून वाचलं. "चुकून?" त्यांनी विचारलं. त्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. मी 'चुकून' खोडलं, वर 'जाणून' लिहिलं आणि पुन्हा सही केली. तात्यांनी चिठ्ठी तारखेप्रमाणे जागेवर लावली, ती आजही तिथंच आहे. मग त्यांनी माठातलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं. "आता घाबरू नका," म्हणाले. "आता काय बी लपलेलं नाय."

त्याच दुपारी मी एमडींना आणि काझी मॅडमना सगळं सांगितलं. एमडी इतके चिडले की त्यांच्या हातातला फोन खाली पडला. काझी मॅडम मात्र शांतपणे प्रतिज्ञापत्राचा मसुदा करायला बसल्या. मेल कसे पुसले गेले, चूक कुणाची, छापील प्रती कुठं मिळाल्या, सगळं माझ्या नावानं, माझ्या सहीनं. एका ओळीशी त्या थांबल्या. "फाईल किसने सँभाली? तात्यांचं नाव घालते इथं."

"नाव कशाला?" मी म्हणाले. "'कंपनीच्या पद्धतीनुसार जतन केली' असं लिहा."

"पक्का?"

"हो."

एवढंच झालं. एका माणसाच्या नावाची दोन अक्षरी अडचण होती, ती मी दूर केली.

पुढं सगळं फार चांगलं झालं, आणि तेच वाईट झालं. आपल्याविरुद्धचा कागद आपणहून पुढं ठेवण्याचं हे धैर्य विरळा आहे, असं न्यायाधीश भर कोर्टात म्हणाले, आणि प्रतिज्ञापत्रावरचं नाव मोठ्यानं वाचलं. माझं. समोरच्या कंपनीचा सूर तिथूनच बदलला. आम्ही सगळे ब्रेक बदलून द्यायचे, असं ठरून दावा मिटला, आणि गिऱ्हाईकही टिकलं. बोरसे काही महिन्यांनी निघून गेले. जो एमडी मला काढायला निघाला होता, तो आता सगळीकडं माझ्या पारदर्शकतेच्या गोष्टी सांगू लागला, आणि वाळूजच्या कारखान्याचाही रेकॉर्ड विभाग माझ्याकडं आला. अभिनंदनाच्या दिवशी सगळ्यात आधी टाळ्या वाजवायला लागले ते तात्या.

त्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. कँटीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. एमडी पंधरा मिनिटं बोलले, त्यातली दहा आमच्या 'सिस्टीम'वर. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी तात्यांच्या शिस्तीबद्दल बोलले, साधेपणाबद्दल बोलले. फुकटात देता येतात ते सगळे शब्द मी त्यांना दिले. शाल आणि नारळ देताना मी त्यांच्याकडं न बघता मान खाली घातली, तर लोकांना वाटलं मला भरून आलंय.

त्यांना आणि काकूंना मी माझ्या गाडीतून गंगापूरच्या जीपा लागतात तिथपर्यंत सोडायला गेले. काकू गावाकडून मुद्दाम कार्यक्रमासाठी आल्या होत्या. वाटेत त्या फारसं बोलल्या नाहीत. जीपपाशी उतरल्यावर तात्यांनी त्यांना पुढं केलं. "ह्याच त्या ताई. भर कोर्टात आपली चूक आपल्या तोंडानं सांगितली ह्यांनी. वाघीण हाय."

काकूंनी दोन्ही हात माझ्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मग नवऱ्याकडं वळल्या. "अन् तुमचं बी नाव हाय ना त्या कोर्टाच्या कागदात? फाईल तर तुमीच राखली व्हती म्हणं."

मी जीपच्या ड्रायव्हरकडं बघायला लागले.

"माझं कशाला?" तात्या हसले. "ज्याची सही, त्याचं नाव. चल, बस आत, जागा जाईल."

त्या प्रतिज्ञापत्राची प्रत रेकॉर्ड रूमला त्यांनीच लावली होती, आणि वाचल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कधी कागद फाईलला लावला नव्हता. जीपच्या दांड्याला धरून उभी असताना हे माझ्या लक्षात आलं. इतके महिने त्यांना माहीत होतं.

"तात्या," मी म्हणाले. पुढचं वाक्य तयार होतं, जेमतेम पाच-सहा शब्दांचं. ते मागच्या बाकावरून वाकून माझ्याकडं बघत होते, नीट ऐकायला. ड्रायव्हरनं शेवटची एकदा "गंगापूर, गंगापूर" अशी आरोळी दिली आणि गाडी चालू केली.

"सांभाळून जा," मी म्हणाले.

"व्हय ताई. तुम्ही बी," ते म्हणाले, आणि काकूंना वाऱ्याची कडेची जागा देऊन स्वतः मध्ये सरकले. जीप वळेपर्यंत मी तिथंच उभी होते, आणि तेव्हाही मला त्यांचा हेवाच वाटत होता.